हाताच्या मापाचा गोटा

गोटमारीत जाम नदीच्या दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड मारतात. बाबा पडले ते मात्र गर्दीच्या धक्क्यानं. सत्तरी ओलांडलेला माणूस, सावरगाववाल्यांवर गोटा उगारलेला असतानाच खुब्यावर आदळला. हाड मोडलं. नागपूरला नेलं.

ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "हाडाच्या पोकळीत रॉड ठोकताना मांडीचं हाड खाली तडकलं. हे रॉड गोऱ्या लोकांच्या हाडांच्या मापानं बनतात. तुमच्या वडिलांचं हाड आतून अरुंद आहे, वाकही जास्त आहे."

"एक्स-रेत दिसत होतं तर ठोकला कायले?"

"थोडा जोर लावावा लागला."

माझं डोकं फिरलं. गोटमारीत डोकं फुटलं तरी मारणाऱ्याचं नाव आम्ही विचारत नाही. पण ही जत्रा नव्हती. मी त्याची कॉलर धरली.

"सोड त्याले," बाबा खाटेवरून म्हणाले. ऑपरेशनसाठी फक्त कमरेखाली बधिर केलेलं, त्यामुळे हातोड्याचा प्रत्येक घाव त्यांनी जागेपणी ऐकला होता. ते डॉक्टरकडे बघत म्हणाले, "दुसऱ्याचं डोकं फोडाचं असलं तरी आमी गोटा आपल्या हातात बसते का, ते पाहूनच उचलतो."