झेंडूखालचा प्रोसेसर

नाशिकच्या एका लहान दैनिकात मी उपसंपादक होतो. तिथे पानं लावणारे दोघे होते. एक बाई, आमच्यात सर्वांत जुन्या, घरात कमावत्या त्या एकट्याच. दुसरा त्यांच्याहून वयाने लहान असलेला सहकारी. दोघांकडे सारखीच जुनी मशीन होती. फोटो जास्त असलेलं पान उघडलं की पडदा गोठायचा. पान उशिरा सुटलं की छापखान्यातून फोन यायचा आणि व्यवस्थापक बाईंच्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. सहकाऱ्याच्या खुर्चीमागे तो कधी उभा राहिल्याचं मला आठवत नाही.

मग नव्या प्रोसेसरचं एक मशीन आलं. त्याचा वेग दुप्पट आहे, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ते खरं निघालं तर पानं लावायला एकच माणूस पुरेल, असं व्यवस्थापकाने सर्वांदेखत जाहीर केलं.

"कोणाला ठेवायचं ते मशीनच ठरवेल," तो म्हणाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? नवा आणि जुना शेजारी शेजारी पळवू. जो आधी पान सोडेल तो राहील."

चाचणीसाठी त्याने दसऱ्याची सकाळ निवडली, कारण दुसऱ्या दिवशी अंक नव्हता. पूजा केलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत. द्राक्षाच्या छाटणीची कात्री असो की छापखान्याचं यंत्र, ते दुसऱ्या दिवसापर्यंत विश्रांती घेतं. व्यवस्थापकाला हे ठाऊक होतं, कारण पूजेला तोच बसला होता. जुन्या मशीनवर त्याने एकेक फूल ठेवलं. नव्याला हळदकुंकू लावलं, वरून लाल वस्त्र पांघरलं आणि झेंडूचा जाड हार पुढच्या जाळीवरून मागच्या जाळीपर्यंत गुंडाळला. नारळ फोडला आणि म्हणाला, "चला, बसा."

चिठ्ठी टाकून बाईंना नवं मशीन मिळालं, सहकाऱ्याला जुनं. पुरवणीचं एकच पान, तेच फोटो.

सुरुवातीला बाई पुढे होत्या. मग नव्या मशीनचा पंखा ओरडायला लागला.

"ताई, विमान उडतंय का?" सहकारी हसत म्हणाला. "ओझरच्या विमानतळावर पाठवायचं सोडून इथे कुठे आणलं?"

"तू तुझं पान बघ रे," बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. त्यांच्या पडद्यावर एक फोटो हळूहळू उघडत होता.

सहकाऱ्याचं पान आधी सुटलं. व्यवस्थापकाने टाळी वाजवली. "मशीन फर्स्ट क्लास आहे. हात चालत नाही, त्याला मशीन काय करणार?"

मी नव्या मशीनच्या डब्याला बाजूने हात लावला आणि लगेच काढला. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. हवा आत जायची जाळी झेंडूने बंद होती आणि बाहेर पडायची वस्त्राने. मी तसं सांगितलं आणि हार काढायला लागलो.

"अहो, दसऱ्याला पूजेची फुलं उतरवता? अपशकुन कशाला करता?" व्यवस्थापक म्हणाला.

"पूजा केलेलं मशीन आजच चालवलंत, तो शकुन होता का?"

तो बाजूला सरला, एवढंच. पटलं असं नाही. मी वस्त्र काढलं, हार काढला, जाळीतल्या पाकळ्या वेचल्या. मशीन निवल्यावर पुन्हा तेच पान दोघांना दिलं. सहकारी अर्ध्यावर होता तेव्हा बाईंचं पान सुटलं. पंखा ऐकूही येत नव्हता.

व्यवस्थापकाचा चेहरा उजळला. "बघा, दुप्पट! मी काय म्हणत होतो?" मग त्याने सहकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग याला ठेवू. मॅडम, तुम्हाला तसंही घरचं बघायचं असतं. महिनाअखेरीपर्यंत याला नव्या मशीनवर तयार करा."

जो आधी पान सोडेल तो राहील, हे त्याचेच शब्द होते. मी ते त्याला ऐकवले. तो म्हणाला, "ते मशीनबद्दल होतं." आवाज चढवून मी आणखी बरंच बोललो. बाई हरल्या तेव्हा दोष त्यांच्या हाताचा होता आणि जिंकल्या तेव्हा श्रेय प्रोसेसरचं. या माणसाने कोणतीही तुलना केली असती तरी निकाल हाच लागला असता. तो त्याने आधीच लावून ठेवला होता आणि वर देवाची पूजाही घातली होती.

बाई शांतपणे खुर्चीतून उठल्या. "प्रोसेसर दुप्पट वेगाचा आहे ना, साहेब? मग त्यालाच सांगा शिकवायला."

"ताई, मी काही..." सहकारी म्हणाला.

"तुझा काय दोष? नीट बस, पाठ धरेल."

पूजेच्या ताटातली आपट्याची पानं त्यांनी उचलली. एक सहकाऱ्याला दिलं, तो त्यांच्या पाया पडला. एक मला दिलं. व्यवस्थापकाने हात पुढे केला. "सोनं द्या की, मॅडम. सणाचा दिवस आहे."

उरलेली पानं त्यांनी आपल्या जुन्या मशीनच्या कीबोर्डवर ठेवली, पिशवी घेतली आणि जिना उतरून गेल्या.

"सणासुदीला असं वागतात का माणसं?" हात तसाच पुढे ठेवून व्यवस्थापकाने आम्हाला विचारलं.