नातीचा डावा कान

नातीसाठी हेडफोन मीच आणले, ही कबुली आधीच दिलेली बरी.

बायको गेल्यावर मी मुलाकडे दिल्लीत, द्वारकेला राहायला आलो. मुलगा आणि सून सकाळी आठला गुडगावला जात ते सातला परत येत. सून कानपूरची, त्यामुळे घरात हिंदी. अडीचला शाळेतून येणारी दहा वर्षांची नात, एवढंच दिवसभरातलं माझं मराठी बोलण्याचं ठिकाण. पण ती आल्याआल्या मोबाइलवर काहीतरी मोठ्याने लावून बसे, आणि मला माझ्या वाचनाची ऐट होती. वाढदिवसाचं निमित्त करून मी तिला मांजराच्या कानांचे गुलाबी हेडफोन दिले.

घर शांत झालं. छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. दोन महिन्यांत लक्षात आलं, की मला ती नको होती. पुस्तक मिटून मी तिच्याकडे बघत बसायचो. ती स्वतःशीच हसायची, आणि कशाला ते मला कळायचं नाही.

मग मी हाका मारू लागलो. हेडफोन काढलेले असले तरी उत्तर येईना. "खिडकीची कडी लाव गं", उत्तर नाही. "चिमटा कुठे ठेवलास?", उत्तर नाही. मी निदान करून टाकलं: मराठी गेलं. दिल्लीत वाढलेल्या मुलांचं ते जातंच. माझ्या पिढीची मंडळी भेटली की त्यावर हळहळण्यात संध्याकाळ छान जाते. उत्तर न मिळालेले शब्द मी वहीत लिहू लागलो.

जेवताना मुलाला म्हणालो, "तुझ्या मुलीला आता कडीसुद्धा कळत नाही."

"कळते की. फक्त तिच्यासाठी ती खायची कढी असते." तो हसला. "बाबा, यार, इथे एवढं टिकलं हेच खूप आहे."

मी शिकवणी सुरू केली. जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर अर्धा तास. गंमत म्हणजे तिला सगळं येत होतं. कडी, चिमटा, अगदी चुलत आणि मावसमधला फरकसुद्धा. टेबलावरून उठून गेली आणि मी मागून काही विचारलं, की पुन्हा काही नाही. यावरून मी एवढाच निष्कर्ष काढला, की मुलगी आळशी आहे.

मग आमच्या सोसायटीचा आरोग्य मेळावा झाला. प्रमुख पाहुण्यांना हार, मग शाल, मग त्यांनी आरोग्याच्या महत्त्वावर केलेलं भाषण, हे सगळं माणसाएवढ्या उंच दोन स्पीकरांमधून. शेवटची सात मिनिटं एका कानाच्या डॉक्टरीणबाईंना मिळाली. तोवर निम्म्या खुर्च्या समोशांकडे गेल्या होत्या. बाई म्हणाल्या, मुलाने हेडफोन लावलेले असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोला. ऐकू गेलं नाही तर आवाज फार मोठा आहे. आणि हेडफोन काढल्यावरही मूल ओ देत नसेल, तर त्याला रागावू नका. कान तपासून घ्या.

दुसऱ्या दिवशी नात चित्र रंगवत बसली होती. हेडफोन बाजूला पडलेले. मी तिच्या मागे, डाव्या हाताला उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "आइसक्रीम खाएगी?"

तिची पेन्सिल थांबली नाही.

या शब्दाचा दोष मराठीवर ढकलता येत नव्हता. मी वही कपाटात ठेवली आणि मुलाला फोन केला.

त्याच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, तपासणीच्या काचेच्या खोलीत, आवाज आला की तिने बोट वर करायचं होतं. मी बाहेरून बघत होतो. उजव्या कानाला बोट भराभर वर गेलं. डाव्या कानाला बराच वेळ ते मांडीवरच राहिलं.

"हेडफोन कब से?" बाईंनी विचारलं. तेव्हा कळलं, की हेडफोनच्या उजव्या बाजूचा आवाज फाटका यायचा म्हणून ती डाव्यानेच ऐकायची, पूर्ण आवाजात, आणि स्कूलबसमध्येही.

"किसने दिलाये?"

"मैंने," मी म्हणालो. मुलगा तपासणीचे कागद फायलीत लावत राहिला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

बाईंनी मोबाइलमध्ये आवाजाची मर्यादा निम्म्याच्या जरा वर घालून दिली. बसमध्ये हेडफोन बंद, घरी थोडा वेळ, मध्ये कानांना विश्रांती. जे आहे ते जपता येईल, म्हणाल्या.

"और जो गया?" नातीने विचारलं.

"बहुत बारीक आवाज़ें हैं, बेटा. वो शायद न लौटें."

घरी आल्यावर ती बाल्कनीत गेली. समोरच्या झाडावर अंगठ्याएवढा काळा पक्षी चोच उघडत होता, मिटत होता. तिने उजव्या कानात बोट घातलं.

"आजोबा, तो बोलतोय ना?"

मी बहात्तर वर्षांचा. तसले आवाज माझ्यापर्यंत यायचे केव्हाच बंद झाले आहेत. तिला धीर द्यायला हो म्हणणं सोपं होतं.

"मला विचारू नकोस. मला ऐकू येत नाही."

तिने बोट काढलं, मान जरा कलती करून उजव्या कानाने ऐकलं आणि आत गेली. मी तिथेच उभा राहिलो. पक्ष्याची चोच उघडत होती, मिटत होती.