वदहाने लोकर बांधलेल्या ओळी

वदहा मफरक शहरापलीकडच्या ओसाड माळावर वाढलेली. लग्न होऊन ती आमच्या अजलूनच्या डोंगरात आली. बियाणे केंद्राच्या शेतात आम्ही दोघी निंदणी करायचो. देशभरातून गोळा केलेला रानजव तिथे वेगवेगळ्या ओळींत पेरलेला असे. कोणता कधी फुलतो ते बघायला.

एका जानेवारीत पाण्याचा लोंढा आला आणि ओळींच्या पाट्या वाहून गेल्या. पेरणीची वहीही सापडेना. शेताचा मुहंदिस, म्हणजे शेत सांभाळणारा इंजिनिअर, गस्सान बांधावर डोकं धरून बसला.

"चाळीस ओळी, मावशी! आता कुठली माळावरची, कुठली डोंगरातली, कसं सांगू?"

"निसवू दे रे त्यांना. मग मी सांगते," वदहा म्हणाली.

मार्चच्या सुरुवातीलाच काही ओळी निसवल्या, ओंब्या बाहेर पडल्या. रोपं जेमतेम वीतभर.

"या रोगट दिसतात," गस्सान म्हणाला.

"रोगट तुझी नजर! आमच्या माळावर पाऊस मार्चपर्यंत टिकला तर नशीब. उंच व्हायच्या नादी लागली, तर दाणा कधी धरणार?"

वदहाने त्या ओळींना माळावरच्या म्हणून तांबडी लोकर बांधली. बाकीच्या एप्रिल अर्धा सरेपर्यंत नुसत्या हिरव्या वाढत राहिल्या, त्यांना डोंगरातल्या म्हणून पांढरी.

मे महिन्यात वही सापडली. एकोणचाळीस ओळी बरोबर निघाल्या. चुकली ती एकच. तांबडी लोकर बांधलेली ती ओळ आमच्याच गावामागच्या डोंगरातली होती.

वदहाची नणंद हुसन टपलेलीच. "तीस वर्षं राहिलीस, पण इथलं गवतसुद्धा ओळखता येईना तुला!"

दुसऱ्या दिवशी वदहा मला घेऊन त्या डोंगरात गेली. दक्षिणेकडचा उतार, सगळा खडक, त्यावर बोटभर माती, अंगावर दिवसभर ऊन. तिथला रानजव केव्हाच वाळून झडून गेला होता. ओढ्यापलीकडच्या सावलीच्या उतारावर मात्र ओंब्या अजून ओल्या होत्या. मधे अंतर हाक मारण्याइतकं.

ती खडकावर बसली. बराच वेळ नुसती माती चिमटीत घेऊन चुरत होती.

"आमच्या माळासारखीच आहे गं ही जागा," ती म्हणाली. "आणि मी रोज पाण्याला जायचे ते त्या समोरच्या उतारावरून. कधी इकडे वर आलेच नाही."

तिचे डोळे भरून आले होते. चूक निघाली म्हणून नव्हे, एवढं मला कळलं.

गस्सानला तिने सगळं सांगितलं. तेव्हापासून तो वहीत गावाच्या नावापुढे उताराची दिशाही लिहू लागला. बी गोळा करायला जाताना वदहाला गाडीत पुढे बसवायचा. घाटात तिला मळमळायचं. तरी ती जायची.