ओलीस ठेवलेली चप्पल

खर्डीत घर बांधलं तेव्हा मी अंगणाला असा गुळगुळीत कोबा घातला, की महालही लाजावा. चपला कडेला काढल्याशिवाय मी कुणाला त्यावर पाऊल टाकू देत नसे. स्वतःलाही नाही!

श्रावणात एकदा पाऊस कोसळला. कोब्यावरून घसरलेलं पाणी थेट खाली उतारावरच्या मावशींच्या कुडाच्या भिंतीवर जाऊन आदळलं. सोबत माझ्या चपलाही वाहून गेल्या. मावशी शेजारच्या, साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. सकाळी त्या उजवी चप्पल घेऊन दारात हजर.

"ही घे. डावी माज्याकडं राहील."

"का गो मावशी?"

"तुजं अंगण पाणी प्यायला शिकल तेवा देन. अजून दोन पाऊस असे झाले, तर मी तुज्याच हॉलमदी झोपायला येते."

मी हसत हसत खाली त्यांच्या घरापाशी गेलो. भिंतीचं लिंपण धुऊन गेलं होतं, आतल्या कारवीच्या काड्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या. त्यावर मावशींनी प्लास्टिकचा कागद ताणून बांधला होता. तक्रार कुठेही केली नव्हती.

उघडीप मिळताच कोबा फोडला. प्रत्येक घावाला मी कण्हत होतो. खाली जाड खडी, वर दगडी लाद्या, मध्ये दोन बोटांच्या फटी आणि त्यांत बारीक खडी. मिस्त्री कासावीस झाला.

"साहेब, फटीत सिमेंट भरू द्या. लोक मला हसतील."

"त्यांना सांग, मालकाचं डोकं फिरलंय."

भिंत लिंपायला मीही गेलो. मावशी ओरडल्या, "नाटक्या, थापा नको मारू! भाकरीवर पाणी फिरवतोस तसा हात फिरव."

पुढचा मोठा पाऊस आला तेव्हा छत्री घेऊन मी अंगणात उभा राहिलो. पाणी फटींत शिरत होतं, गडप होत होतं. मी अनवाणीच खाली धावलो. मावशी भिंतीला तळहात लावून उभ्या होत्या.

"कोरडी हाय रे," त्या हळूच म्हणाल्या. मग वळचणीतून डावी चप्पल काढून पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

भांडायचा हक्क असताना या बाईने माझी फक्त एक चप्पल अडवली होती. उजवी मी केव्हाच फेकून दिली होती, पण ते सांगायची हिंमत झाली नाही. डावी पायात घातली आणि एका चपलेवर, राजाच्या थाटात, चढण चढलो.