पाठीवर पडायचं होतं

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अंगणात गादी टाकली. मी तिला ढकलायचो, ती पडायची. चार वेळा पडली, हसत.

मुलगी इंदूरच्या एका कंपनीत नोकरीसाठी धडपडत होती. कॉम्प्युटरवर मारामारीचे खेळ असतात, त्यातली माणसं हलती करायचं काम. शुक्रवारपर्यंत नमुना द्यायचा होता: एक पहिलवान दुसऱ्याला पाठीवर पाडतो, बस एवढाच. आम्हाला पडताना टिपायचं आणि ते बघून बनवायचं, त्यासाठी मागून आणलेला व्हिडिओ कॅमेरा होता. माझी मिल बंद पडलेली, मुलीच्या नोकरीवरच आशा.

तरुणपणी मी आखाड्यात होतो. पाडणं येतं मला, पडणं नाही. पाठ मातीला लागली की कुस्ती गेली, हे अंगात मुरलेलं. मुलगी म्हणाली पडा, की मी पडता पडता वळायचो आणि पालथा व्हायचो.

"बाबा, हा माणूस हरतोय. पाठीवर पडा ना."

"पडतोय की!"

बायको ओट्यावरून म्हणाली, "अहो, तुम्ही रहने दो. हरायचं मला विचारा. तुमच्या घरात तीस वर्षं तेच केलंय."

ती झकास पडली. पण लुगड्यात गुडघे दिसेनात. टाच कधी सुटते, गुडघा कधी मुडतो, मुलीला तेच बघायचं होतं.

"उद्या तुमचा पायजमा घालते," बायको म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. गॅसपाशीच कोसळली.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी विचारलं, गादीवर पडल्यानं का? नाही म्हणाले. मी परत विचारलं. परत नाही म्हणाले. दिवस मावळायच्या आत शिप्रा नदीच्या काठी अग्नी दिला.

घरी आलो. मुलीनं कॉम्प्युटरवर चादर टाकली होती. माझ्या ध्यानात आलं. हे काम आता सोडलं, तर आई आपल्यापायी गेली असंच ती जन्मभर धरून बसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "कंपनीला फोन करून येते. नाही जमणार म्हणून सांगते."

मी गादी ओढत अंगणात आणली. शेजारीण भिंतीवरून बघत होती. "काका, सूतक में ये क्या?"

"काम है," म्हटलं. मग मुलीला म्हणालो, "कॅमेरा आण. आई गादीनं गेली नाही. डॉक्टरला दोनदा विचारलंय मी."

 ती आत जाऊन कॅमेरा घेऊन आली.

पहिल्यांदा पालथाच पडलो. दुसऱ्यांदा कुशीवर. अंगात त्राण नव्हतं, डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिसऱ्यांदा वळायला ताकदच उरली नाही, आणि पाठ टेकली.

"मान ताठ ठेवलीत, बाबा. हरलेल्याची अशी नसते," मुलगी म्हणाली.

मी गुडघ्यावर हात ठेवून उठलो आणि परत पडलो.