डाएट कोला आणि उतरलेलं वजन

"दोन्ही हात समोर धरा. बोटं पसरा," घाटकोपरचे डॉक्टर म्हणाले.

मी हात पुढे केले. डॉक्टरांनी आधी पंखा बंद केला आणि टेबलावरचा एक कोरा कागद उचलून माझ्या बोटांवर ठेवला. खोलीत वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, तरी कागद थरथरत होता. मी हात घट्ट करायला गेले, तर तो जास्तच हलायला लागला. शेजारच्या खुर्चीत बसलेले माझे मिस्टर कागदाकडे बघत राहिले.

मग डॉक्टर माझ्या मागे उभे राहिले, दोन्ही हातांनी गळा चाचपला, आवंढा गिळायला सांगितला. परत खुर्चीत बसल्यावर त्यांनी एक शब्द उच्चारला: थायरोटॉक्सिकोसिस. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची ग्रंथी असते. शरीराचं काम किती वेगाने चालावं ते ती ठरवते. माझी ग्रंथी गरजेपेक्षा फार जास्त रस सोडत होती. त्यामुळे हृदय धावत होतं, हात कापत होते, खाल्लेलं सगळं जळून जात होतं.

"रक्त तपासून पक्कं करू. पण मला फारशी शंका नाही," ते म्हणाले.

मी विचारलं, "म्हणजे हे कोल्यामुळे नाही झालं?"

"कसला कोला?" डॉक्टरांनी विचारलं. तेव्हा मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

मी मुलुंडला राहते आणि कांजूरमार्गच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. मुलगी झाल्यापासून माझं वजन वाढत गेलं होतं. गुडघे दुखायला लागले म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "गोळी कसली देऊ? आधी वजन उतरवा. साखर बंद, तळलेलं बंद."

साखर बंद करणं माझ्या जिवावर आलं. दिवसाला पाच-सहा कप गोड चहा पिणारी मी. त्याच सुमारास प्रकाशभावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, सुट्टीवर घरी आले. ते बोटीवर इंजिनिअर आहेत. येताना त्यांनी डाएट कोल्याचे डबे आणले. आपल्याकडे दुकानात तेव्हा साधा कोला मिळायचा, बाटलीतला. हा बिनसाखरेचा प्रकार आम्ही कुणीच पाहिला नव्हता.

"वहिनी, ह्यात साखर औषधालासुद्धा नाही. आमच्या बोटीवर सगळे जाडे हाच पितात. तुम्ही बिनधास्त प्या," भावजी म्हणाले.

पहिला घोट घेतला तेव्हा गोड लागला, पण मागून जिभेवर कडवट चव राहिली. दोन-चार दिवसांत तीही आवडायला लागली. सकाळी एक डबा, ऑफिसातून आल्यावर एक. डबे संपले तेव्हा फोर्टातल्या एका फॉरेनच्या मालाच्या दुकानाचा पत्ता भावजींनी ह्यांना दिला. महाग पडायचं, पण हे आणून द्यायचे. कारण वजन खरंच उतरत होतं.

भराभर उतरत होतं. ब्लाउज सैल झाले. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी कल्पना म्हणाली, "काय यार, झकास दिसतेस! काय करतेस काय तू?" मी तिला डब्याबद्दल सांगितलं. तिने अख्ख्या ऑफिसला सांगितलं. बायका मला बाजूला घेऊन विचारायच्या, कुठे मिळतो, किती प्यायचा. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या दिसण्याबद्दल विचारत होतं. मला फार छान वाटत होतं, हे लपवत नाही.

पण त्याचबरोबर दुसरंही काही चाललं होतं. भूक वाढली होती. डाएट करणाऱ्या बाईची भूक कमी व्हायला हवी, माझी दुप्पट झाली होती. आमच्या सासूबाई मालवणकडच्या, अजून घरात मालवणीच बोलतात. माझ्या ताटाकडे बघून त्या म्हणाल्या, "इतक्या खातंस गो, पण आंगाक कायच लागना नाय." मला वाटलं, कोला प्यायल्याने पचन सुधारलं असेल.

थंडीचे दिवस होते. सासूबाई शाल पांघरून बसायच्या आणि मी घामाने भिजून पंखा लावायची. त्यावरून आमची रोज भांडणं. झोप उडाली. छातीत धडधड व्हायची. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "कोल्यात कॉफीसारखं काहीतरी असतं, त्याने होत असेल. एक डबा कमी कर." मी कमी केला नाही. कमी केला आणि वजन थांबलं तर?

मग टायपिंगमध्ये चुका व्हायला लागल्या. बारा वर्षांत माझ्या पत्रात साहेबांनी कधी लाल पेन लावलं नव्हतं. आता एकेक पत्र परत यायला लागलं. एका अक्षरावर बोट ठेवायला जावं, तर शेजारचं अक्षर उमटायचं. साहेब एकदा म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना, बाई?" मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. रडू इतकं का आलं तेही कळेना. आजकाल कशानेही रडू यायचं.

कल्पनाने एक दिवस रिकामा डबा हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचली. इंग्रजीत सूचना होती की ह्यात गोडीसाठी सॅकरिन आहे, आणि सॅकरिनमुळे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना कॅन्सर झाल्याचं आढळलं आहे. मी दिवसभर इंग्रजी टाइप करणारी बाई. इतके महिने डबा हातात धरला, आणि ती ओळ वाचली नव्हती.

"अगं, हे तर विषच आहे," कल्पना म्हणाली.

त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मी कोसळले. तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत आले, छाती इतकी धडधडली की कानात आवाज यायला लागला, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजाऱ्यांनी उचलून घरी आणलं.

भावजी तेव्हा अजून सुट्टीवरच होते. सासूबाईंनी सगळा राग त्यांच्यावर काढला. "तुका कोणी सांगला हुता ह्यां हाडूक? बोटीवरचा काय ता घरात हाडलंस! सोन्यासारखी सून माझी, हाडां दिसाक लागली तिची."

मग भावजी माझ्या पलंगापाशी येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, खरंच माझ्यामुळे झालं का?"

मी "नाही" म्हणायला हवं होतं. पण मलाच माहीत नव्हतं. थोड्याच दिवसांत त्यांची बोट निघाली आणि ते गेले. जाताना सासूबाई त्यांच्याशी नीट बोलल्यासुद्धा नाहीत.

आता तपासण्या सुरू झाल्या. वजन उतरतंय, घाम येतोय, म्हणून फॅमिली डॉक्टरांना पहिल्यांदा टीबीचा संशय आला. छातीचा एक्स-रे काढला. ईएसआर केला. रक्तातल्या तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात ते त्यात बघतात. अंगात जंतूंची लागण असेल तर तो आकडा सहसा वाढतो. दोन्ही चांगले आले. डायबेटीससाठी लघवी तपासली. त्यातही साखर निघाली नाही. प्रत्येक रिपोर्ट चांगला आला की मी आणखीच गोंधळायची. सगळं चांगलं आहे, तर मग मला होतंय काय?

"मग तो कोलाच," फॅमिली डॉक्टर म्हणाले. "पूर्ण बंद करा. पंधरा दिवसांनी या."

मी बंद केला. साधा चहाही बंद केला. शेजारच्या काकू म्हणाल्या, अंगातलं विष बाहेर पडायला वेळ लागतो. ह्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ म्हणाले, एकदम बंद केलं की असाच त्रास होतो, थोडाथोडा पीत राहा. कल्पना म्हणाली, कॅन्सरची तपासणी करून घे. मी प्रत्येकाचं ऐकायची आणि त्या त्या वेळी प्रत्येकाचं खरं वाटायचं.

पंधरा दिवसांनी छातीची धडधड किंचित कमी झाली होती, पण वजन आणखी उतरलं होतं. हात तसेच कापत होते. फॅमिली डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "माझं चुकलं. कोला बंद करून वजन उतरायचं थांबलं नाही, म्हणजे उतरवणारं दुसरंच काहीतरी आहे." त्यांनीच घाटकोपरच्या डॉक्टरांचं नाव दिलं.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी हे सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही घाई केली नाही.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं वजन कोल्याने उतरलं नाही आणि हा आजारही कोल्याने झाला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या, एवढंच. पण कोल्यात कॅफिन असतं, चहा-कॉफीत असतं तेच. आधीच धावणाऱ्या हृदयाला त्याने आणखी पळवलं. आणि एक नुकसान झालं. कारण आयतं हाताशी होतं, म्हणून तुम्ही दुसरं कारण शोधलं नाहीत."

रक्ताच्या तपासणीला टी-थ्री, टी-फोर म्हणतात. थायरॉइडचा रस रक्तात किती आहे ते त्यात कळतं. तेव्हा ती सोय उपनगरात नव्हती, रक्त दक्षिण मुंबईत पाठवावं लागायचं आणि रिपोर्ट यायला बरेच दिवस जायचे. ते दिवस फार वाईट गेले. डॉक्टरांचं बोलणं पटलं होतं, पण डब्यावरची ती ओळ डोक्यातून जात नव्हती. रिपोर्ट आला तेव्हा आकडे डॉक्टरांच्या अंदाजापेक्षाही जास्त होते. मला चक्क हायसं वाटलं. आजाराला नाव मिळालं होतं.

कार्बिमाझोल नावाची गोळी सुरू झाली. ती ग्रंथीचा रस कमी करते. सोबत काही आठवडे धडधड आवरायला दुसरी गोळी. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती तुम्हालाही सांगते: ह्या गोळीवर असताना घसा दुखून ताप आला, तर वाट बघत बसायचं नाही. गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रक्त तपासायचं. क्वचित कधीतरी ह्या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात.

महिन्याभरात झोप परत आली. घाम थांबला. सासूबाई आणि मी एकाच पंख्याखाली बसू लागलो. साहेबांकडून पत्रं परत येईनात.

आणि वजन वाढायला लागलं.

ह्यासाठी मला कुणी तयार केलं नव्हतं. दर भेटीला काटा वर. डॉक्टर खुश होऊन म्हणायचे, "छान! औषध लागू पडतंय," आणि मी रडवेली व्हायची. ज्या बायका माझ्याभोवती गोळा व्हायच्या, त्याच आता विचारायला लागल्या, "सोडलंस वाटतं डाएट?" काय सांगणार? बारीक होते तेव्हा आजारी होते, बरी झाले म्हणून जाड झाले? मला स्वतःलाच ते उलटं वाटायचं. एकदा डॉक्टरांना विचारलं, "गोळी थोडी कमी नाही का करता येणार? थोडासा आजार राहिला तर चालेल मला."

ते हसले नाहीत. "तो थोडासा आजार तुमचं हृदय थकवेल. हाडं पोकळ करेल. तुम्हाला मुलगी आहे ना?" इतकंच म्हणाले.

मग मी शेवटचं विचारून घेतलं. बरी झाल्यावर वजन उतरवायला डाएट कोला प्यावा की नाही?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? मला पूर्ण माहीत नाही. सॅकरिनचे प्रयोग उंदरांवर झाले, भरपूर सॅकरिन देऊन. माणसाला त्याचं काय होतं यावर अजून वाद चालू आहे. साखरेच्या सरबताऐवजी एखादा प्यायलात तर त्याने चरबी वाढणार नाही. पण तो प्यायल्याने उतरणारही नाही. जेवणाऐवजी प्यायलात तर संध्याकाळी भुकेने काय खाल, ते तुम्हालाच ठाऊक. धडधड पूर्ण थांबेपर्यंत मात्र अजिबात नाही."

इतक्या शिकलेल्या माणसाने "मला माहीत नाही" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्याचा आधार वाटला.

वर्षभराने भावजी परत आले. ह्या खेपेला हातात साबणाच्या वड्या आणि मुलीसाठी फ्रॉक. दारातच मला बघून थबकले. मी चांगलीच भरले होते.

"वहिनी, तुम्ही जाड झालात!" त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"झाले खरी," मी म्हटलं. "भावजी, ते तुमच्यामुळे नव्हतं हो. मला तेव्हाच सांगता यायला हवं होतं."

सासूबाईंनी माफी वगैरे मागितली नाही. फक्त म्हणाल्या, "पर्काश, हात-पाय धू. तुका आवडता म्हणान तिसऱ्यो केलंय." आणि शिंपल्यांचं ते कालवण भावजींच्या ताटात दोनदा वाढलं.

आता गोळ्या बंद झाल्या आहेत. दर सहा महिन्यांनी रक्त तपासते. संध्याकाळी कल्पनाबरोबर चालायला जाते, चहात साखर अर्धा चमचा. वजन फार हळू उतरतं, एखाद्या महिन्यात उतरतही नाही. डाएट कोला मी परत घेतला नाही. तो वाईट आहे हे कळलं म्हणून नव्हे. मला अजून काहीच पक्कं कळलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाचं वजन फारसं काही न करता भराभर उतरत असेल, भूक वाढली असेल आणि तरी अंगाला काही लागत नसेल, तर आरशासमोर फार वेळ घालवू नका. डॉक्टरकडे जा, आणि काय पिता तेही सांगा.

परवा ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "बारीक झालीस गं!" मी अजूनही खुश होते, खोटं कशाला बोलू. फक्त जागेवर येऊन बसले, मनगटावर बोट ठेवलं आणि आधी नाडी मोजली. शांत चालली होती. मग हसले.