आरशात बघून केलेला जोड

फोन आला तेव्हा ऑफिसमागच्या अंगणात ललितपूरच्या एका वेल्डरची परीक्षा चालू होती. "दीदी, पापा नहीं रहे," पलीकडून संजू म्हणाला. संजू म्हणजे आमच्या एजन्सीचे मालक आप्पाजी, त्यांचा मुलगा. मी फोन ठेवला. वेल्डर हात थांबवून माझ्याकडे बघत होता. त्याला म्हटलं, "जोड़ पूरा करो, भैया. बीच में मत छोड़ना." मग आत जाऊन रडले. आप्पाजींनीही मला हाच क्रम ठेवायला लावला असता...

झाशीच्या सदर बाजारात, शिंप्याच्या दुकानाशेजारी आमचं ऑफिस आहे. माणसं पुरवणाऱ्या एजन्सी इथे पैशाला पासरी. ड्रायव्हर, नर्स, पहारेकरी, फिटर, सगळे एकाच पाटीखाली. आप्पाजींच्या पाटीवर मात्र दोनच शब्द होते, 'बॉयलर वेल्डर'. मूळचे ते कराडकडचे. लष्कराच्या वर्कशॉपात वेल्डिंग करण्यात उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्त झाल्यावर छावणीच्या परिसरातून पाय निघेना, म्हणून इथेच राहिले. माझे यजमान रेल्वेत. मी आपली वेळ जावा म्हणून टायपिंगला गेले आणि एकोणीस वर्षं तिथेच राहिले.

वीजकेंद्राच्या बॉयलरमध्ये नळ्या इतक्या खेटून असतात की त्यांच्या मागच्या बाजूला डोकं जात नाही, हात तेवढा कसाबसा पोचतो. तिथे तळहाताएवढा आरसा अडकवायचा आणि त्यात बघून जोड करायचा. म्हणून समोरच्याचं प्रमाणपत्र कितीही मोठ्या ठिकाणचं असो, आप्पाजी ते बाजूला ठेवत आणि त्याला अंगणात नेत. भिंतीला चिकटवून बांधलेल्या दोन नळ्या, पुढे आरसा. जोड झाला की तो कापून आतून बघायचे. बरेचसे परत जायचे. "हाताला सवय लागली की फिर आना," असं ते प्रत्येकाला सांगत, आणि त्याचं नाव रजिस्टरात लिहून ठेवत.

एकदा ते लग्नाला गुरसरायला गेले होते. एक वेल्डर आला, गाडीची वेळ झालेली. समोरून केलेला त्याचा जोड इतका देखणा होता की मी भाळलेच. आरसा न लावताच त्याला कामावर पाठवलं. दाबाच्या चाचणीत नेमका त्याचाच जोड गळला. नशीब, कुणाला इजा झाली नाही. आप्पाजी स्वतः गेले, त्याला परत आणलं आणि महिनाभर अंगणात शिकवलं. मी बोलणी खायच्या तयारीत बसले होते. त्यांनी माझ्या टेबलावर आरसा उभा केला, कागदावर चौकोन काढला, माझ्या नजरेला कागद दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरला आणि हातात पेन्सिल दिली. "सुनंदा, यावरून गिरव. आरशातच बघायचं हं."

पहिली रेघ जमली. कोपऱ्यावर आले आणि हात ऐकेचना! पेन्सिल वर न्यायला जावं तर ती खाली पळे. घाम फुटला मला.

"आता कळलं, त्या बिचाऱ्याला आपण कुठे ढकललं ते?" ते एवढंच म्हणाले. मला लाज वाटली. अजून वाटते.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा फोन. सोमवारपर्यंत चाळीस वेल्डर हवेत, प्रमाणपत्रं पुरेत, नाही जमलं तर यापुढचं सगळं काम दुसऱ्या एजन्सीला. संजूला मराठी समजतं, बोलतो हिंदीच. आता मालक तोच. रजिस्टर चाळत म्हणाला, "दीदी, चालीस से ज़्यादा नाम हैं. भेज दीजिए ना. पापा का टेस्ट पापा के साथ गया."

मला असा राग आला! आप्पाजींनी परत पाठवलेली माणसं त्यांच्याच नावावर पाठवायची? रजिस्टरात आरशाच्या परीक्षेत उतरलेल्यांचीही नावं होती, पण ती तेराच. राजीनामा अगदी ओठांवर आला होता. पण तो देऊन मी घरी बसले असते आणि चाळीस माणसं गेलीच असती. मी ड्रॉवर उघडला, आरसा त्याच्यापुढे उभा केला, चौकोन काढला, पुठ्ठा धरला.

"गिरव."

"दीदी, ये क्या..."

"गिरव म्हणते ना!"

कोपऱ्यावर तो अडकला. पुन्हा केलं, पुन्हा अडकला. तिसऱ्या वेळी पेन्सिलीचं टोक मोडलं. मोडलेली पेन्सिल त्याने खाली ठेवली. "पापा ने कभी बताया नहीं," म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

तो उठून अंगणात गेला. ललितपूरवाल्याचा जोड तिथे तसाच पडून होता, त्या दिवसापासून कापायला मला धीर झाला नव्हता. आम्ही दोघांनी तो कापला. आतून स्वच्छ होता. संजूने स्वतःच कंपनीला फोन लावला. "चौदह आदमी हैं, साहब." पलीकडून आवाज चढला. "जी नहीं. चौदह."

चौदा गेले. कंपनीचा पुढे फोन नाही. येईल की नाही, माहीत नाही. अंगणात परीक्षा चालू आहेत.

आरसा आता संजूच्या टेबलावर असतो. रोज सकाळी आला की तो आधी चौकोन गिरवायला बसतो. कोपऱ्यावर अजून अडकतो. मी पुठ्ठा धरते.